कोरडी सुतळी

माझ्यासमोरच्या फळीवर एक पितळेची कळशी आहे. लहानशी, जेमतेम दोन तांबे पाणी मावेल एवढी, एका अंगाला पोचा आलेली. तिला वर कडी आहे, तशी बुडालाही एक कडी आहे. डायलिसिस सेंटरच्या पाण्याच्या खोलीत ही काय करते, असं नवीन माणूस हमखास विचारतो. बुडाला कडी कशाला, हा त्याचा पुढचा प्रश्न. मी कधी सांगते, कधी ‘तुझं काम बघ’ म्हणते. माझा स्वभाव तसा आहे, लपवण्यात अर्थ नाही. कळशीत मी पाणी तपासायच्या औषधाची बाटली, काचेच्या दोन नळ्या आणि एक पेन ठेवते.

सकाळचे साडेसात वाजलेत आणि मी त्या कळशीकडं बघत स्टुलावर बसून आहे. हातात मोबाईल आहे. तो वाजावा असंही वाटतंय आणि वाजू नये असंही. आमचे पेशंट, गडहिंग्लजचे मामा, अर्ध्या तासापूर्वी ॲम्ब्युलन्समधून गेले. मीच पाठवलं. श्वास लागलेला माणूस दारात, आत चार मशीन रिकामी, आणि मी त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात धाडून दिलं. वाटेत काही बरंवाईट झालं तर ते माझ्या नावावर.

बाहेर कोल्हापूरची राजारामपुरी जागी झालीय. क्लासला जाणारी पोरं पाठीवर दप्तरं टाकून दोन-दोन, तीन-तीन एका गाडीवर चाललीत. कुणीतरी शटर वर केलं. त्या आवाजासरशी मी दचकले. शटरच्या आवाजाला दचकणारी बाई नव्हे मी.

कळशी आक्काची. आक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. सीमेपलीकडं कर्नाटकात दिलेली आणि विशीतच कपाळ पांढरं होऊन परत आलेली. पुढची सगळी वर्षं तिनं नेसरीजवळच्या आमच्या मळ्यात काढली. सगळा गाव तिला आक्काच म्हणायचा, आम्ही पोरंही. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. ‘नोड, नोड’ हे तिचं पालुपद. नोड म्हणजे बघ. दूध उतू चाललं तरी नोड, पोरगं पडलं तरी नोड, आणि चुकून कुणी तिचं कौतुक केलं तरी, “आदी नोड, मग बोल.”

आमचं घर जैन शेतकऱ्याचं. ऊस, थोडं भात, दोन म्हशी. न गाळलेलं पाणी उंबऱ्याच्या आत यायचं नाही. दिवस उगवला की आक्का मला उठवायची आणि आम्ही दोघी विहिरीवर. घागरीच्या तोंडावर गाळणं अंथरायचं. छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद, दुहेरी घडीचं जाड कापड. दर अमावस्येला आक्का ते बोटांनी मोजायची. “कापड काय रात्रीतनं आटतंय व्हय गं आक्का?” मी म्हणायचे. “मोजल्याबिगर तुला काय ठावं?” ती म्हणायची, आणि परत पहिल्या बोटापासून मोजायची.

पाणी गाळून झालं की कापड उलटं धरायचं आणि त्याच्यावर गाळलेलंच पाणी ओतायचं. कापडाला जे बारीक जीव अडकले असतील, डोळ्याला दिसोत न दिसोत, ते त्या पाण्याबरोबर ह्या कळशीत उतरायचे. त्याला आम्ही जिवाणी म्हणतो. जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत परत सोडायची. तीही वरून ओतायची नाही, एवढ्या उंचावरून पडून जीव मरतील. म्हणून ती बुडाची कडी. वरच्या कडीला दोर बांधायचा, खालच्या कडीला बारीक सुतळी. दोरानं कळशी खाली सोडायची, ती पाण्याला टेकली की दोर सैल करायचा आणि सुतळी ओढायची. कळशी पाण्यावरच आडवी होते आणि आतलं पाणी पाण्यात मिसळतं.

“आदळू नगं. टेकव.” आक्का हे म्हणताना विहिरीत बघायची नाही, कान द्यायची. ‘डुब्’ असा आवाज आला की चुकलं. काहीच आवाज आला नाही की बरोबर. मग ती पदर खोचून घागर उचलायची. शाबासकी वगैरे भानगड नाही.

उन्हाळ्यात पाणी तळाशी जायचं. दोराला दुसरा दोर जोडायचा आणि ती गाठ तळहाताला सलायची. खालून शेवाळाचा आणि ओल्या दगडाचा गार वास वर यायचा. मी त्या वासासाठी उगीच वाकून उभी राहायचे आणि आक्का माझ्या परकराचा नाडा धरून ठेवायची. पावसाळ्यात पाणी तांबडं होऊन वरच्या पायरीला लागायचं. कापडावर मातीचा थर बसायचा, तीन-तीनदा गाळावं लागायचं. हात घातला तरी पाण्याला लागेल, दोर कशाला हवा? पण नाही. आक्का तेव्हाही दोर आणि सुतळी लावायला लावायची. थंडीत पितळ बोटांना चावायचं. शेजारच्या गुऱ्हाळातून उकळत्या रसाचा वास यायचा, माझं सगळं ध्यान त्या गरम काकवीकडं, आणि आक्काच्या ओठांत णमोकार चाललेला. बरं, एकदा गाळलं की सुटलो असंही नव्हे. गाळलेलं पाणी दोन घटका चालतं, म्हणजे पाऊण तास आणि वर तीन मिनिटं. मग परत गाळा.

मला ह्यातलं काहीही आवडायचं नाही. स्पष्टच सांगते. बाकीच्या पोरी परकर सावरत शाळेला निघालेल्या असायच्या आणि मी दिसत नसलेल्या किड्यांना घरी पोचवत बसलेली.

आठ वाजले. फोन नाही.

आज सकाळचं सांगते. भाचीच्या लग्नासाठी मी आठ दिवस रजेवर होते, आज पहिला दिवस. साडेपाचला येऊन पाण्याचं यंत्र चालू केलं, पंधरा मिनिटं पाणी वाहू दिलं. डायलिसिस म्हणजे काय, तर मूत्रपिंड थकलेल्या माणसाचं रक्त बाहेर काढून धुवायचं. धुवायला पाणी लागतं, एका माणसाला एका खेपेत घरच्या टाकीभर. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आपण पितो, पोट सोसतं. रक्त सोसत नाही, फुटतं. म्हणून पाणी आधी कोळशाच्या टाकीतून जातं, कोळसा क्लोरीन पिऊन टाकतो. आणि कोळशानं खरंच ते प्यायलंय का, हे रोज सकाळी पहिला माणूस मशीनला लावायच्या आधी बघायचं. नळी तीनदा विसळायची, पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, थांबायचं. पाणी होतं तसं राहिलं तर ठीक. गुलाबी झालं तर नाही. एवढंच काम, पाच-सात मिनिटांचं. पंधरा वर्षांत रोज मी ‘ठीक’ असंच लिहीत आले.

औषधाची बाटली हातात घेतली आणि माझा हात तिथंच थांबला. रजेवर जायच्या आदल्या दिवशी मी बाटलीवर पेनानं रेघ मारली होती, औषध जिथवर होतं तिथं. माझी सवय आहे ती. औषध अजून त्याच रेघेवर होतं. वही उघडली. आठ दिवस, आठ वेळा ‘ठीक’, आणि खाली अजितच्या आठ सह्या. एकाच पेनानं, एकाच दमात केल्यासारख्या सरळ रांगेत.

अजित माझ्या हाताखालचा टेक्निशियन. चांगला पोरगा आहे, हात हलका आहे, पेशंटला सुई टोचली तर कळत नाही. बाहेर चादरी घालत होता. मी दारातून विचारलं, “अजित, रोज तपासत होतास?”

“तपासलंय की मॅडम. सह्या आहेत की.”

“काल काही वेगळं?”

“काल रविवारी पेशंट गेल्यावर नळाचं पाणी गेलं. रात्री टँकर मागवलेला.”

मी खोलीत परतले. नळीत थेंब टाकले आणि थांबले. पाणी गुलाबी झालं. नळी बदलली, परत केलं. गुलाबी. तिसऱ्यांदा केलं. टँकरवाल्यानं पुण्य लागावं तशी सढळ हातानं ब्लीचिंग पावडर टाकली असणार, आणि आमचा कोळसा थकलेला. मी यंत्र बंद केलं. तेवढ्यात बाहेरून मामींची हाक आली, “बाई! अगं बाई, लवकर ये की!”

मामा एसटीचे रिटायर ड्रायव्हर. चार वर्षं सोमवार, बुधवार, शुक्रवार येतात. सगळ्यांना पावणं म्हणतात, डॉक्टरांनाही. गावच्या जत्रेपायी त्यांनी शुक्रवार चुकवला होता. आज आले ते मामींच्या खांद्यावर भार टाकून. तोंड सुजलेलं, ओठ काळपट, एका वाक्याला तीन श्वास.

“पावणं... एक वाटी... रस्सा घेतलतो.”

“वाटी न्हवं, पातेलं!” मामी म्हणाल्या. “आन् वर तांब्यानं पाणी. लाव बाई त्यास्नी मशीनला आदी.”

ऑक्सिजन लावला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लगेच सुरू करा. मी म्हटलं, “सर, पाणी गुलाबी आलंय.”

“किती गुलाबी?”

“गुलाबी म्हणजे गुलाबी, सर.”

“मॅडम, रोज तर ठीक येतंय. एखादवेळी औषध खराब असेल. मामांना दोन तास उशीर झाला तर काय होईल, कळतंय ना? माझ्या जबाबदारीवर सुरू करा.”

“मामा तुमच्या जबाबदारीवर आहेत, सर. पाणी माझ्या.”

असं मी बोलले खरी. पण डॉक्टरांचं चुकत नव्हतं. मामांकडं दोन तास नव्हते. मशीनला लावलं तर पाणी मारील, नाही लावलं तर उशीर मारील. मी दुसऱ्या हॉस्पिटलाला फोन लावला, त्यांचं एक मशीन अर्ध्या तासात मोकळं होत होतं. ॲम्ब्युलन्स बोलावली, आमची सिस्टर सोबत दिली.

मामींना ते काही पटेना. “चार खुर्च्या रिकाम्या हैत आन् माझ्या माणसाला भाईर काढतीस व्हय गं?”

“मामी, पाणी चांगलं नाही.”

“पाणी? त्यो काय पाणी प्यायला आलाय हितं? त्याच्या अंगाचंच पाणी झालंय!” ॲम्ब्युलन्सचं दार लावता लावता त्या मागं वळल्या. “ह्यास्नी काय झालं तर हितं तुझ्या दारात आणून ठेवीन. ध्यानात ठेव.”

ध्यानात आहे. तेवढंच ध्यानात आहे.

आठ वाजून दहा मिनिटांनी सिस्टरचा फोन आला. पोचले. मशीनवर घेतलंय. “बीपी लागत नाही म्हणतायत ताई,” ती म्हणाली, आणि कुणीतरी तिला हाक मारली, फोन बंद झाला. बाकीचे तीन पेशंट बाहेर बाकावर बसलेत, त्यांचं अंग अजून बरं आहे, ते थांबू शकतात. कोळसा बदलायला शिरोलीहून माणूस निघालाय. मला आता करण्यासारखं काही नाही. कळशी आहे आणि मी आहे.

अकरा-बारा वर्षांची असेन. चैत्र होता. गडहिंग्लजला परीक्षा होती आणि सकाळची एसटी चुकली तर सगळंच चुकणार. पाणी गाळून झालं होतं, जिवाणी कळशीत होती. मी इकडंतिकडं बघितलं आणि ती अबोलीच्या आळ्यात ओतून टाकली. झाडालाही पाणी, मलाही सुटका. कळशी जागेवर ठेवली. आतून आक्काची हाक आली, “सोडलीस?”

“सोडलो की!” आमच्याकडं पोरीबाळीसुद्धा ‘आलो, गेलो’च म्हणतात. तसं ओरडून मी पळाले. एसटी मिळाली. पेपर चांगला गेला. येताना मी खिडकीत बसून गाणं म्हणत आले.

दुपारी घरी पोचले तर आक्का सोप्यात बसून तांदूळ निवडत होती. माझ्याकडं बघून हसली. “कसा गेला गं पेपर?” ओठांना भेगा पडलेल्या दिसल्या. स्वयंपाकघरात आई दबक्या आवाजात म्हणाली, “आक्कानं सकाळधरनं पाण्याचा थेंब घेतला न्हाय. इचारलं तर बोलत न्हाय. आज काय उपास बी न्हाय.”

मला तेव्हाच कळलं. आणि कळलं नाही असं मी ठरवलं. पोटात दुखत असेल. काही व्रत धरलं असेल, मोठ्या माणसांचं आपल्याला काय ठाऊक? मी जेवले, पाणी प्यायले, तेही आक्काकडं पाठ करून. चैत्राचं ऊन असं होतं की म्हैससुद्धा धापा टाकत होती. आक्का तांदूळ निवडत होती. मध्येच थांबून जीभ ओठांवरून फिरवायची आणि परत निवडायला लागायची. आईनं तांब्या पुढं केला तर तो हातानं बाजूला सारला. रागानं नव्हे. नको म्हणून.

आमच्यात सूर्य मावळला की अन्नपाणी बंद, ते दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत. आक्का तर ह्याला पक्की. म्हणजे तिला आज पाणी प्यायचं तर मावळायच्या आत. मी अंगणात उभी राहून सूर्याकडं बघत होते. तो चिंचेच्या वर होता तेव्हा म्हटलं, चिंचेमागं गेला की सांगते. चिंचेमागं गेला. म्हटलं, उसाच्या शेंड्याला टेकला की सांगते. टेकला. जीभ उचलेना. दोन वेळा सोप्याच्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले. ऊस लाल झाला, मग काळा झाला. मग मी पळत गेले आणि आक्काच्या मांडीवर पडून ओरडले, “आक्का, मी सोडलो न्हाय! अबोलीत ओतलो! पी की आता पाणी, पी की!”

आक्कानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. दाराबाहेर पश्चिमेकडं बघितलं.

“आता उद्या,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं मला सांगितलं, काल सकाळी ती सुतळीला हात लावून आली होती. सुतळी कोरडी होती. मी म्हटलं, मग मला मारलं का नाहीस? बोललीस का नाहीस? तर म्हणते कशी, “तू ल्हान हैस. तू सोडलीस का न्हाय, हे मी बघायला पायजे हुतं. बघितलो न्हाय, नुस्तं इचारलो. चूक माझी.”

मी अजून तिच्यावर रागावलेली आहे. खरंच. एवढ्याशा पोरीला असं कोरडं राहून जाळायचं असतं का? दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या तर मी दिवेलागणीपर्यंत विसरले असते. पण त्यानंतर कॉलेजला कोल्हापूरला येईपर्यंत एकही सकाळ मी चुकवली नाही. ताप असला तरी नाही. भीतीनं की प्रेमानं, ते मला आजही सांगता यायचं नाही. हळूहळू भीती गेली आणि नुसते हात उरले. हातांना ते केल्याशिवाय चैन पडेना. फ्लॅटच्या नळाला मी अजून कापड बांधते. शेजारीण म्हणते, फिल्टर आहे की घरात. आहे. पण दर अमावस्येला मी ते कापड मोजते.

ह्या नोकरीच्या मुलाखतीत डॉक्टरांनी मला एक नळी दिली आणि पाणी तपासून दाखवा म्हणाले. मी नळी तीनदा विसळली. बाकी कुणीच विसळली नव्हती, असं त्यांनी नंतर सांगितलं. आक्काला मी नोकरीची बातमी दिली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “पाणी बघायचं काम हाय व्हय? मग बरं हाय.” आणि ही कळशी मला दिली. विहिरीवर तेव्हा स्लॅब पडला होता, पंप बसला होता. जिवाणी सोडायला जागाच उरली नव्हती.

पावणेबारा वाजता फोन वाजला. नाव मामींचं. मी त्याच्याकडं बघतच राहिले. दारात अजित उभा होता, त्याचं तोंड पांढरं पडलेलं. तिसऱ्या घंटीला उचलला.

मामी म्हणाल्या, “बोलतोय.”

“काय?”

“बोलतोय गं त्यो! तुझ्याशी बोलायचं म्हणतोय, घे.”

“पावणं,” मामांचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा, पण एका श्वासात, “हितलं मशीन बेस हाय. खरं हितली माणसं कायबी बोलत न्हाईत.”

मी म्हटलं, “मामा, रस्सा बंद.”

“बंद,” ते म्हणाले. मामींनी फोन परत घेतला. माफी वगैरे मागतील तर त्या मामी कसल्या! “बुधवारी येतो,” त्या म्हणाल्या. आणि वर, “पाणी बघून ठेव.”

फोन ठेवला आणि मी स्टुलावर बसून ढसाढसा रडले. अजित दारातून निघून गेला.

डॉक्टर आले होते. गुलाबी नळी मी त्यांच्यासाठी ठेवली होती. ती त्यांनी खिडकीशी धरून बघितली, कितीतरी वेळ बघितली, आणि कळशीत परत ठेवली. “टँकरवाल्याचा नंबर द्या मला,” एवढंच म्हणाले. कोळसा बदलून झाला. दोन वाजता मी परत तपासलं. पाणी होतं तसंच राहिलं. तीनदा केलं, मग बाकावरच्या तिघांना आत घेतलं. त्यांच्यातल्या एकानं कुरकुर केली, की अर्धा दिवस फुकट गेला. बरोबर आहे त्याचं. त्याला काय झालं असतं हे त्याला कळायचं कारण नाही. त्याला काही झालंच नाही. आक्का कान देऊन उभी असती तर तिला काहीच ऐकू आलं नसतं.

आता संध्याकाळ व्हायला आलीय. शेवटचा पेशंट सुटला. त्या फोननंतर अजित पाण्याच्या खोलीकडं फिरकला नाही. मी बोलावलं नाही. बोलावून विचारलं तर तो ‘तपासलंय की’ म्हणेल, आणि एकदा म्हटलं की त्याला ते धरून बसावं लागेल. मला माहीत आहे कसं असतं ते. लग्नातून दोनदा मी त्याला फोन केला होता. सगळं ठीक? ठीक. मीही नुसतंच विचारलं होतं.

मी वही उघडली. आठ सह्यांच्या खाली लिहिलं: ‘वरील आठ दिवस पाणी तपासलेलं नाही. मी फोनवर विचारलं, बघितलं नाही. चूक माझी.’ खाली माझी सही केली. वही उघडीच ठेवली, शेजारी बाटली, रेघ पुढं करून.

चक्कर आल्यासारखं वाटलं तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून मी पाण्याचा थेंब घेतलेला नाही. मुद्दाम नव्हे. सुचलंच नाही. बहुतेक अजितच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो दारात उभा आहे, हातात पाण्याचा ग्लास.

“मॅडम, पाणी.”

“ठेव तिथं.”

तो ग्लास ठेवायला वाकतो आणि वही वाचतो. मग बाटली बघतो. मग परत वही. ग्लास हातातच राहतो. मी खिडकीकडं बघते. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर काळी टाकी आहे, तिच्या माथ्यावर उन्हाची एक पट्टी उरलीय. बोटभर. माझी जीभ टाळूला चिकटलीय. शहरात आल्यापासून मी सूर्य मावळायचा नेम पाळत नाही, वर्षं झाली. आज मात्र त्या पट्टीवरून माझी नजर हटत नाही. मनात म्हणते, बोल रे बाळा. मी नाही बोलले तसं करू नको. बोल की.

पट्टी अर्धं बोट होते.

“नव्हतं तपासलं, मॅडम,” अजित म्हणतो. “एकही दिवस नाही. मामांना काही झालं असतं तर मी...”

मी टाकीकडं बघते. ऊन आहे अजून.

त्याच्या हातातून ग्लास घेते, उजेडात धरून बघते, आणि एका दमात पिऊन टाकते. रिकामा ग्लास त्याच्यापुढं धरते.

“अजून एक आण,” म्हणते. “पळ, लवकर.”